तीन आठवड्यांची शांतता

"ऑपरेशन छान झालं होतं हो, पण मग आयसीयूत इन्फेक्शन झालं." समाचाराला गेल्यावर हे वाक्य ज्यानं कधीच ऐकलं नाही असा माणूस आता शोधावा लागेल. ऐकणारा मान हलवतो, सांगणारा गप्प होतो. ते इन्फेक्शन आलं कुठून, कुणाकडून, कोणत्या वाटेनं, हे विचारायची रीत नाही. विचारलं तरी सांगणाऱ्यांना ते बहुतेक ठाऊक नसतं, आणि कधीकधी डॉक्टरांनाही नसतं. 2011 साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयावर हे उत्तर शोधून काढण्याची पाळी आली. त्याच्याकडे पैसा होता, जगातले नावाजलेले शास्त्रज्ञ होते आणि ज्या जिवाणूशी गाठ पडणार होती त्याची आगाऊ सूचनाही होती. तरीही वर्ष संपेपर्यंत तो जिवाणू 18 रुग्णांच्या शरीरात सापडला आणि त्यांतले 11 जण दगावले.

वॉशिंग्टन शहराला लागून मेरीलँड राज्यात बेथेस्डा नावाचं गाव आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, तिथं आहे. तिचं स्वतःचं रुग्णालय आहे, क्लिनिकल सेंटर. त्या वेळी तिथं 243 खाटा होत्या. हे काही गावातलं नेहमीचं रुग्णालय नव्हे. इथं येणारा प्रत्येक रुग्ण कुठल्या ना कुठल्या संशोधनात सहभागी असतो आणि उपचारांचे पैसे घेतले जात नाहीत. साहजिकच इतरांनी हात टेकलेले रुग्ण इथं येतात: दुर्मीळ आजारांचे, कॅन्सरचे, अस्थिमज्जा बदललेले, जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेले. निरोगी माणसाच्या वाटेलाही न जाणारा जंतू यांचा जीव घेऊ शकतो.

आयसीयू या जागेचा इतिहास साथीपासूनच सुरू होतो. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं भराभर मरू लागली. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालण्याचा आणि रबरी पिशवी हातानं दाबून फुप्फुसांत हवा भरण्याचा मार्ग काढला. पिशव्या दाबायला सुमारे 1,500 विद्यार्थी पाळीपाळीनं बसले. पुढच्याच वर्षी इब्सेननं अत्यवस्थ रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला आणि हळूहळू जगभर तसे विभाग झाले. माणूस वाचवणारी ती नळी मात्र शरीराचं दारही उघडं ठेवते. घशातली, लघवीची, मानेतल्या शिरेतली, प्रत्येक नळी आत जायची एकेक वाट. त्यात एकाच दालनात शेजारी शेजारी सगळेच अशक्त, चोवीस तास प्रतिजैविकांचा मारा, आणि तेच हात या खाटेवरून त्या खाटेकडे जाणारे. औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूला याहून सोयीची वस्ती मिळणार नाही.

क्लेब्सिएला न्यूमोनिए हा आपल्या आतड्यात निमूट राहणारा जिवाणू. फुप्फुसात किंवा रक्तात शिरला, आणि माणूस आधीच खचलेला असला, की तो घातक होतो. 1980च्या दशकापासून अशा हट्टी जिवाणूंवर कार्बापेनेम गटातली प्रतिजैविकं हा डॉक्टरांचा शेवटचा भरवशाचा उपाय होता. 2001 साली नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या एका नमुन्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्यातल्या क्लेब्सिएलाकडे कार्बापेनेमची मोडतोड करणारं एक एन्झाइम होतं. त्याला केपीसी असं नाव मिळालं. काही वर्षांत न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत त्यानं ठाण मांडलं. तिथून ते समुद्रापलीकडे गेलं आणि 2006 साली इस्रायलमध्ये भडकलं.

इस्रायलची हकिगत इथं थोडक्यात सांगायला हवी, कारण बेथेस्डाच्या लोकांपुढे तो धडा होता. मार्च 2007अखेर तिथल्या 27 रुग्णालयांत 1,275 रुग्णांपर्यंत हा जिवाणू गेला होता. प्रत्येक रुग्णालय आपापल्या परीनं झुंजत होतं आणि हरत होतं. मग सरकारनं एक मध्यवर्ती पथक नेमलं आणि त्याला खरोखरीचे अधिकार दिले. बाधित रुग्ण वेगळे ठेवा, त्यांच्यासाठी वेगळ्या परिचारिका नेमा, रोजच्या रोज आकडे कळवा. कोण हे करत नाही ते पथक स्वतः जाऊन पाहायचं. वर्षभरात नव्या रुग्णांचं प्रमाण जवळजवळ पाच पटींनी खाली आलं, आणि तेही कोणतंही नवं औषध हाती नसताना.

13 जून 2011 रोजी न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातून 43 वर्षांची एक स्त्री बेथेस्डाला हलवण्यात आली. तिचं फुप्फुस बदललेलं होतं आणि गुंतागुंत वाढली होती. तिच्या कागदपत्रांत केपीसीवाल्या क्लेब्सिएलाची नोंद होती. ती येण्याआधी इथल्या लोकांना हे कळलं, आणि त्यांनी हयगय केली नाही. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. आत जाणारा प्रत्येक जण गाऊन आणि ग्लोव्हज घालूनच जाई. आसपासच्या रुग्णांचे नमुने तपासले गेले, त्यांत काही निघालं नाही. तिचा आयसीयूतला मुक्काम थोडा होता, बाकीचे दिवस ती वॉर्डातल्या खोलीत होती. 15 जुलैला ती घरी गेली. पुढचे तीन आठवडे काहीच घडलं नाही. आपण निभावून नेलं, असं तिथल्या कुणाला वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

5 ऑगस्टला आयसीयूतल्या दुसऱ्या एका रुग्णाच्या श्वासनलिकेतल्या स्रावात तोच जिवाणू वाढला. हा कॅन्सरचा रुग्ण. त्याचा आणि त्या स्त्रीचा थेट संबंध कुठं दिसेना. मग तिसरा सापडला, मग चौथा. त्यानंतर आठवड्याला साधारण एक, या गतीनं वर्षअखेरपर्यंत नवा रुग्ण निघत राहिला.

पहिला प्रश्न असा होता की हा तोच जिवाणू आहे की बाहेरून आलेला दुसरा. प्रश्न किचकट होता. अमेरिकेत तेव्हा केपीसीवाले बहुतेक क्लेब्सिएला एकाच वंशातले होते, त्यामुळे नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत ते सगळे सारखेच दिसत. एकाच वंशाचे दोन जिवाणू स्वतंत्रपणे इमारतीत आले असते तरी तसंच दिसलं असतं. उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून होतं. बाहेरून येत असतील तर दारावर पहारा हवा. घरातच फिरत असतील तर आपल्याच हातांकडे आणि आपल्याच यंत्रांकडे पाहायला हवं.

रुग्णालयाच्या साथनियंत्रणाची जबाबदारी टारा पामोर आणि डेव्हिड हेंडरसन यांच्याकडे होती. त्याच परिसरात जनुकसंच संशोधनाची संस्था आहे. ज्युली सेग्रे या तिथल्या संशोधक. माणसाच्या त्वचेवरचे जिवाणू हा त्यांचा विषय. त्यांच्या गटानं, त्यात इव्हान स्निटकिन हे तरुण संशोधक होते, प्रत्येक रुग्णाकडून मिळालेल्या क्लेब्सिएलाचा संपूर्ण जनुकक्रम वाचायला घेतला. साठ लाखांच्या घरातली अक्षरं, आणि त्यांत हवा होता तो एखाददुसरा फरक.

ही पद्धत आपल्याकडच्या पोथ्यांच्या अभ्यासकांना चटकन कळेल. ज्ञानेश्वरीची नकल करताना लेखनिकाचा एका ओवीत एक शब्द चुकला, तर त्या नकलेवरून उतरलेल्या पुढच्या सगळ्या पोथ्यांत ती चूक येते. चुकांची जुळवाजुळव केली की कोणती पोथी कुठल्या पोथीची लेक हे सांगता येतं. जिवाणू विभागतो तेव्हा त्याच्याही नकलेत अधूनमधून एखादं अक्षर बदलतं. बेथेस्डाच्या सगळ्या नमुन्यांत मिळून असे बदल निघाले जेमतेम 41. एवढ्या थोड्या फरकांचे जिवाणू वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले असूच शकत नाहीत. सगळे एकाच घराण्यातले होते आणि ते घराणं जूनमध्ये आलेल्या त्या स्त्रीपासून सुरू होत होतं.

त्याहून चकित करणारी गोष्ट पुढे होती. त्या स्त्रीच्या घशातला, जांघेतला, फुप्फुसातला जिवाणू एकमेकांपासून किंचित वेगळा होता. हे बारीक फरक इतरांच्या नमुन्यांशी ताडून पाहिले तेव्हा दिसलं की तिच्याकडून जिवाणू बाहेर पडला तो एकदा नव्हे, तीनदा, वेगवेगळ्या प्रसंगी. एवढी काळजी घेऊनही. शिवाय रुग्ण ज्या क्रमानं सापडले त्या क्रमानं लागण झालेलीच नव्हती. काहींच्या आतड्यात जिवाणू आधीच जाऊन बसला होता, त्यांना काही त्रास नव्हता म्हणून कुणी तपासलं नव्हतं, आणि तो मुक्यानं पुढे सरकत होता. ती तीन आठवड्यांची शांतता खरी शांतता नव्हती. आजारी दिसणाऱ्यांवरून साथीचा नकाशा काढायचा प्रयत्न चालला होता, आणि साथ पसरत होती न दिसणाऱ्यांतून.

इथून तपासणीची पद्धतच बदलली. आधी आयसीयूतल्या आणि मग रुग्णालयातल्या सगळ्याच रुग्णांचे गुदद्वाराजवळचे स्वॅब नियमानं घेण्यात येऊ लागले, कारण हा जिवाणू लपतो तो आतड्यात. असं काम सांगायला बरं वाटत नाही, करायला तर त्याहून नाही. पण साथ आवरण्यात ज्या गोष्टींचा खरा हात होता त्यांत मी हिला पहिली ठेवीन. जनुकक्रमाची कीर्ती जगभर झाली. स्वॅब घेणाऱ्या परिचारिकांची झाली नाही.

दरम्यान इमारतीत जे चाललं होतं ते एखाद्या वेढ्यातल्या किल्ल्यात शोभावं असं होतं. बाधित रुग्णांना आयसीयूच्या एका भागात हलवलं आणि मधोमध चक्क भिंत बांधली. त्या बाजूची माणसं वेगळी, उपकरणं वेगळी. तिकडे काम करणाऱ्यानं इकडे यायचं नाही. हात धुतले जातात की नाही हे पाहण्यासाठी पहारेकरी नेमले. त्यांचं काम एकच: दारापाशी उभं राहायचं, आत जाणाऱ्यानं गाऊन, ग्लोव्हज, हात यांचे नियम पाळले की नाही हे बघायचं आणि चुकेल त्याला तिथल्या तिथं टोकायचं. समोरचा विभागप्रमुख असला तरी. आपल्याकडे एखाद्या सरांना वॉर्डातल्या मावशींनी "सर, हात धुतले नाहीत" असं म्हणावं, आणि सरांनी मुकाट्यानं बेसिनकडे वळावं, हे चित्र डोळ्यांसमोर आणून बघा. म्हणजे बेथेस्डात काय घडवायचं होतं ते कळेल.

रिकाम्या खोल्यांत यंत्रं नेऊन हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडली गेली. कर्मचाऱ्यांच्या हातांचेही नमुने घेतले, त्यांत जिवाणू मिळाला नाही. तो मिळाला दुसरीकडे. रुग्णासाठी वापरून, नियमाप्रमाणे स्वच्छ करून ठेवलेल्या एका व्हेंटिलेटरवर तो जिवंत होता. आणि सिंकच्या खालच्या पाइपांत होता. हात धुवायचे म्हणून जिथं सगळे दिवसातून पन्नास वेळा जात होते, त्याच मोरीच्या पोटात. तिथले पाइप उखडून बदलण्यात आले. व्हेंटिलेटरवरच्या जिवाणूचा जनुकक्रम एका रुग्णाच्या जिवाणूशी तंतोतंत जुळला. स्वच्छ केलं असं वहीत लिहिलेलं असणं आणि स्वच्छ असणं यांत अंतर असतं, हे एरवी नुसतं बोललं जातं. इथं त्याचा पुरावा हाती आला.

औषधांची गत वाईट होती. हाती उरलेल्यांत एक होतं कोलिस्टिन. 1940च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सापडलेलं, पुढे मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून बाजूला पडलेलं आणि आता दुसरं काही चालेना म्हणून परत आणलेलं. काही रुग्णांतला जिवाणू तर कोलिस्टिनलाही जुमानेनासा झाला. वर्ष संपता संपता फैलाव थांबला तेव्हा हिशेब असा होता: 18 रुग्णांतले 11 गेले. त्यांपैकी 6 मृत्यू थेट या जिवाणूमुळे झाले, बाकीचे मूळ आजारानं, असं डॉक्टरांनी ठरवलं. हा भेद वैद्यकशास्त्राला हवा असतो. घरच्यांना त्यानं किती फरक पडला असेल, कोण जाणे.

हे सगळं जगाला कळलं ते ऑगस्ट 2012मध्ये, संशोधनाचा लेख एका विज्ञाननियतकालिकात आला तेव्हा. वर्तमानपत्रांनी ठळक मथळे दिले. 'सुपरबग' हा त्यांचा आवडता शब्द होताच. तो मला कधी पटला नाही, कारण त्यात जिवाणू फार थोर वाटतो आणि माणसाच्या सवयी दिसेनाशा होतात. लोकांचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता: वर्षभर हे गुलदस्त्यात का ठेवलं? कायद्यानं जाहीर करण्याचं बंधन नव्हतं, हे त्यावरचं उत्तर, आणि कागदोपत्री ते बरोबरही होतं. पण ज्या सरकारी रुग्णालयात माणसं प्रयोगाला स्वतःचं शरीर देतात, त्यानं कायद्याच्या किमान रेषेवर थांबावं हे काही शोभलं नाही. याच संस्थेनं नंतर आपल्या चुका आणि उपाय तपशिलानं लिहून जगापुढे ठेवले, तेवढं श्रेय तिला द्यायला हवं. तसं किती रुग्णालयं करतात?

आणि जिवाणू पुरता गेलेला नव्हताच. 2012च्या उन्हाळ्यात तिथं आणखी एका मुलाला त्याच घराण्यातल्या क्लेब्सिएलाची लागण झाली. सप्टेंबरमध्ये तो मुलगा गेला. सहाचे सात झाले.

बेथेस्डाची ही साथ सुरू होण्याच्या वर्षभर आधीच आपल्याकडे घंटा वाजली होती. केपीसीसारखंच काम करणारं एनडीएम-1 हे एन्झाइम स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णात सापडलं. तो दिल्लीत उपचार घेऊन गेलेला होता, म्हणून एन्झाइमच्या नावात नवी दिल्ली आली. 2010 साली त्यावरून केवढा गदारोळ झाला! देशाची बदनामी, वैद्यकीय पर्यटनाविरुद्धचा कट, असं बरंच काही बोललं गेलं. त्या गोंगाटात मुंबईचा एक छोटा शोधनिबंध मागे पडला. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मार्च 2010मध्ये भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात तो छापला होता. तीन महिन्यांत कार्बापेनेमला दाद न देणारे 24 नमुने मिळाले आणि त्यांतल्या 22 नमुन्यांत एनडीएम-1 होतं. म्हणजे नावावरून भांडण सुरू होण्याआधीच आपल्याच माणसांनी दुखणं नोंदवून ठेवलं होतं. पुढे मार्च 2014पासून कार्बापेनेमसह अनेक औषधं एच-1 या सूचीत आली, दुकानदारानं चिठ्ठीची नोंद ठेवणं सक्तीचं झालं. 2019 साली कोंबड्या आणि गुरांच्या खाद्यात कोलिस्टिन वापरायला बंदी झाली. हे सगळं औषधांच्या बाजूचं. भिंतीच्या, स्वॅबच्या, पहारेकऱ्याच्या बाजूला आपण कुठवर आलो आहोत, हे ज्यानं एखाद्या जिल्हा रुग्णालयाचा आयसीयू आतून पाहिला आहे त्यानं स्वतःच ठरवावं. एकेका सिस्टरकडे किती व्हेंटिलेटर असतात, तेवढं विचारलं तरी पुरे.

बेथेस्डाच्या साथीचा परिणाम इतर रुग्णालयांवर झाला. दुसऱ्या रुग्णालयातून आलेला रुग्ण निरोगी दिसला तरी तो वाहक नाही हे आधी तपासून घ्यायचं, हा विचार रुळत गेला. 2013 साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या प्रमुखांनी या जिवाणूंबद्दल देशाला जाहीर इशारा दिला. साथ चालू असतानाच जनुकक्रम वाचून तिचा माग काढणं हे 2011 साली नवलाचं होतं. दहा वर्षांत ते कोरोनाच्या विषाणूसाठी जगभर रोजचं काम होऊन बसलं.

क्लिनिकल सेंटरमध्ये तपासण्या चालूच राहिल्या, आणि तपासत राहिलं की काही ना काही निघतंच. 2018 साली सेग्रे आणि पामोर यांच्या गटानं आणखी एक लेख लिहिला. 2006 ते 2016 या दहा वर्षांत तिथल्या 12 रुग्णांना स्फिंगोमोनास कोरिएन्सिस या सहसा न दिसणाऱ्या जिवाणूची लागण झाली होती. मधे इतका काळ गेलेला की कुणाला ती साथ वाटलीच नव्हती. जनुकक्रम ताडून पाहिले तेव्हा वाट निघाली थेट इमारतीच्या नळांपर्यंत. 2005च्या सुमारास नवीकोरी इमारत वापरात आली, तेव्हापासून हा जिवाणू तिच्या पाणीपुरवठ्यात मुक्काम करून होता. या वेळी भिंत बांधून भागणार नव्हतं. पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्यांना बोलावून गरम पाण्याचं तापमान वाढवलं आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही.